तीन होकार

भावाचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या सराव परीक्षेचे भूमितीचे पेपर तपासत होते. २०२३चा फेब्रुवारी महिना. "ताई, पोरीची धर्ममाता तूच व्हायचंस. आईचंही तेच म्हणणं आहे," तो म्हणाला आणि मी मागचा-पुढचा विचार न करता "हो" म्हणून मोकळी झाले. भाची दोन महिन्यांची होती. तोवर मी तिला दोनदाच मांडीवर घेतलं होतं.

फोन ठेवून पेपर पुढे ओढले, पण एकही तपासून होईना. आपण कशाला होकार दिला हे तेव्हा कुठं डोक्यात उतरायला लागलं होतं.

कॅथलिक स्नानसंस्कारात, म्हणजे बाप्तिस्म्यात, बाळावर पाणी घालण्याआधी धर्मगुरू आईबापांना आणि बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणाऱ्या धर्ममातापित्यांना तीन प्रश्न विचारतात. आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या पित्यावर तुमचा विश्वास आहे का? त्याच्या पुत्रावर, येशू ख्रिस्तावर? पवित्र आत्म्यावर, ख्रिस्तसभेवर, पापांच्या क्षमेवर, मृतांच्या पुनरुत्थानावर, सार्वकालिक जीवनावर? तिन्ही वेळा मोठ्यानं उत्तर द्यायचं: होय, आहे. मी नऊ वर्षं मिस्सेला, चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, गेले नव्हते. लग्नं आणि मयती सोडल्या तर चर्चची पायरी चढले नव्हते. त्यात माझा धंदाच असा की, सिद्धतेत एक पायरी गाळली तर मी पोरांचा अर्धा गुण कापते. त्या पाण्यापुढे उभं राहून, बाळाला हातावर घेऊन मी खोटं बोलणार होते का?

भावाच्या धर्मग्रामात, म्हणजे त्याच्या चर्चच्या हद्दीत, नियम होता, सगळीकडेच असतो. धर्ममाता सोळा वर्षांवरची हवी, तिचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार, झालेलं हवं, ती श्रद्धेनं जगणारी हवी. दुसऱ्या गावची असेल तर तिथल्या धर्मगुरूंचं तसं पत्र आणायचं. मी बारा वर्षं ठाण्यात राहते. ज्या चर्चवरून रोज रिक्षानं जायचे, तिथं पत्र मागायला गेले.

फादर सत्तरीच्या आसपासचे होते. छापील फॉर्म पुढे घेऊन पेनाचं टोपण काढत त्यांनी विचारलं, "कितीच्या मिस्सेला येता?" मी म्हटलं, "येत नाही." त्यांनी टोपण परत लावलं. "मग मी काय लिहू? इथं छापलंय, 'या आमच्या धर्मग्रामातील श्रद्धाळू सदस्य आहेत.' मी तुम्हाला आज पहिल्यांदा बघतोय, बाई. खोटं कसं लिहू?"

खरं तर मला राग यायला हवा होता. पण समोर बसलेला माणूस माझ्याच अडचणीत सापडला होता. त्याला खोटी सही करायची नव्हती आणि मला खोटा होकार द्यायचा नव्हता.

"राखेच्या बुधवारनंतर ईस्टरपर्यंत सहा रविवार येतात," ते म्हणाले. "सकाळी सातची मराठी मिस्सा असते. येऊन बसा. मग बघू. पत्र देईनच असं नाही."

आमचं गाव वसईच्या उत्तरेच्या पट्ट्यातलं. केळीची वाडी, पानवेली, घरामागं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. १५३४ ते १७३९, दोनशे वर्षं इथं पोर्तुगीज होते. त्या काळात आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले आणि राज्य गेलं तरी ख्रिस्तीच राहिले. माझ्या आजीनं निम्मं आयुष्य लॅटिन मिस्सा ऐकली. फादर वेदीकडे तोंड करून उभे आणि मागं बायाबापड्या आपापली जपमाळ ओढतायत. एक शब्द कुणाला कळायचा नाही. वाडीतल्या रहाटाच्या कुरकुरीसारखी ती लॅटिन तिच्या कानाला सवयीची होती. तो आवाज चालू आहे म्हणजे पाणी येतंय, एवढंच तिला ठाऊक. १९६२ ते ६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद, कॅथलिक धर्मप्रमुखांची महासभा, भरली आणि पुढच्या काही वर्षांत मिस्सा मराठीत आली. मी जन्मले ती मराठी मिस्सेत. मला पहिल्यापासून प्रत्येक शब्द कळत होता, म्हणून प्रत्येक शब्दाला 'हे खरं आहे का' असं विचारणंही पहिल्यापासून सुरू झालं.

आजीची एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. तिचं पहिलं मूल जन्मताच गेलं. अडल्या वेळी कुणीही पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतं, पण त्या धांदलीत कुणाला सुचलं नाही. बाप्तिस्मा नाही म्हणून दफनभूमीत जागा नाही. वाडीच्या कोपऱ्यात, चिकूच्या झाडाखाली त्याला पुरलं. यामागचा युक्तिवाद मी कॉलेजात असताना समजून घेतला आणि माझं डोकं भणभणलं. मूळ पाप बाप्तिस्म्यानं धुतलं जातं. बाप्तिस्मा झाला नाही, म्हणजे पाप राहिलं. पाप राहिलं म्हणजे स्वर्ग नाही. पण बाळानं स्वतः काहीच केलेलं नाही, म्हणून नरकही नाही. तेव्हा तिसरी जागा हवी, तिचं नाव लिंबो. पायऱ्या बिनचूक, आणि शेवटी उत्तर काय, तर एक आई आणि तिचं मूल कायमचे दुरावले. ही शिकवण कधीच बंधनकारक सिद्धांत नव्हती. २००७ साली व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगानं सविस्तर लिहून सांगितलं की, अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहेत. आजी १९९८ साली गेली. तिला हे कुणी सांगितलं नाही.

पण दर २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, दफनभूमीतल्या मेणबत्त्या लावून झाल्या की ती एक मेणबत्ती पदराआड धरून घरी आणायची आणि चिकूखाली लावायची. कुणाशी वाद घातला नाही, कुणाला विचारलं नाही. मी सात-आठ वर्षांची असेन, तिच्या मागं मागं जायचे. वाऱ्यानं ज्योत विझली की ती पुन्हा लावायची. तीन वेळा, चार वेळा. पेटून नीट स्थिर झाली की मगच उठायची.

माझं चर्च सुटलं ते मात्र लिंबोमुळे नाही. नोव्हेंबर २०१३मध्ये बाबांना स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. चार महिने मिळाले. आईला कुणीतरी आरोग्यदानाची प्रार्थना करणाऱ्या एका गटाकडे नेलं. औषध बंद करा असं त्यांनी कधी सांगितलं नाही, एवढं मी प्रामाणिकपणे नोंदवते. पण ते म्हणायचे, पूर्ण विश्वास ठेवा, तिळमात्र शंका नको, बरे होणारच. आईनं उपास धरले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गुडघ्यांवर. मार्च २०१४मध्ये बाबा गेले. सातव्या दिवशी त्या गटातली एक बाई घरी आली, आईचा हात हातात घेऊन बसली आणि अगदी मायेनं म्हणाली, "कुठंतरी विश्वास कमी पडला बघा."

आई काही बोलली नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. आईचा चेहरा मी पाहिला आणि त्या दिवशी मी ठरवलं की हे सगळं मला नको.

लोक मला सांगत, तू गणितवाली, तुझा तर्क आड येतो. एका नातेवाइकानं तर मलाच भूमिती शिकवली : गणितसुद्धा गृहीतकांवरच उभं आहे की, तीही श्रद्धाच. मला हा युक्तिवाद फार स्वस्त वाटतो. समांतर रेषांचं गृहीतक बदललं तर दुसरी भूमिती मिळते, आणि तिनं कुणाच्या विधवेची झोप जात नाही. शिवाय त्या बाईचं बोलणं तर्काच्या विरुद्ध मुळीच नव्हतं. विश्वास पुरेसा असेल तर रोगी बरा होतो. रोगी बरा झाला नाही. म्हणून विश्वास पुरेसा नव्हता. या तीन ओळी एखाद्या पोरानं पेपरात लिहिल्या तर मी पूर्ण गुण देईन. खोट होती ती पहिल्या ओळीत. पण ती पहिली ओळ कुणी ठरवली, हे विचारायचं भान तेव्हा मला नव्हतं. मी सगळं एकत्रच फेकून दिलं.

तर, सहा रविवार.

पहिले तीन मी मागच्या बाकावर, दाराजवळच्या पंख्याखाली बसून काढले. कम्युनियनला, पवित्र भाकर घ्यायला, उठायचे नाही. पापकबुली केलेली नसताना जायचं नाही एवढं बालपणापासून अंगात मुरलेलं होतं. वही घेऊन जायचे आणि आक्षेप लिहायचे. पवित्र गुरुवारच्या विधीत, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीत, पाय धुवायला पूर्वी फक्त पुरुष बसवायचे, २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि बायकाही आल्या. चांगलंच झालं. पण जे माणसाला बदलता येतं ते आधी देवाच्या नावानं इतकं घट्ट का धरलं होतं? अमेरिकेत फिनिक्सच्या धर्मप्रांतात एका धर्मगुरूनं वर्षानुवर्षं 'मी तुला बाप्तिस्मा देतो'ऐवजी 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असं म्हटलं. २०२२च्या सुरुवातीला जाहीर झालं की ते सगळे बाप्तिस्मे मुळात झालेच नाहीत. हजारो माणसं, एका सर्वनामासाठी. हे मी दोनदा अधोरेखित केलं होतं.

मिस्सेनंतर फादर चर्चच्या पडवीत चहा घेत बसायचे. तिसऱ्या रविवारी मी ती वहीच त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली. फिनिक्सच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "'मी' म्हणताना तो शब्द धर्मगुरूचा नसतो, ख्रिस्ताचा असतो अशी आपली श्रद्धा. 'आम्ही' म्हटलं की तो जमलेल्यांचा शब्द होतो. म्हणून ते चालत नाही." थोडं थांबून म्हणाले, "पण ते वाचून मलाही वाईट वाटलं. त्या लोकांची काय चूक?" त्यांनी दिलेलं कारण मला कळलं, पटलं मात्र नाही. आजही पटलेलं नाही.

मग मी माझी पळवाट त्यांना दाखवली. बाळाला बोलता येत नाही, तेव्हा मी नुसती तिच्या वतीनं बोलणारी. वकिलाचं स्वतःचं मत कोण विचारतो? ते म्हणाले, जुन्या विधीत तसंच होतं. प्रश्न बाळाला असायचे आणि उत्तर धर्ममातापिते द्यायचे. १९६९च्या नव्या विधीनं ते बदललं, आता प्रश्न थेट मोठ्यांनाच आहेत, त्यांच्या स्वतःच्या विश्वासाबद्दल. माझं दार बंद झालं. मी म्हटलं, "पण फादर, प्रसूतिगृहातली ख्रिस्ती नसलेली नर्ससुद्धा मरणाऱ्या बाळाला बाप्तिस्मा देऊ शकते. चर्चला हवं ते करण्याचा हेतू, पाणी आणि ठरलेले शब्द, एवढं पुरतं. म्हणजे पाणी घालणाऱ्याचा विश्वास नसला तरी चालतं आणि धरणाऱ्याचा मात्र हवाच?"

ते म्हणाले, "पाणी घालणारा निघून जातो, बाई. धरणारा राहतो."

निघताना त्यांनी मला योहानाच्या शुभवर्तमानातली तीन ठिकाणं कागदावर लिहून दिली. तिसरा अध्याय, सातवा, एकोणिसावा. "निकदेम वाचा. तुमच्यासारखाच आहे."

घरी सुबोध बायबल होतं, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं. बाबांनी घेतलेलं, म्हणून ठाण्याला येताना उचलून आणलं होतं, इतकंच. निकदेम हा धर्मशास्त्राचा जाणता माणूस. तो येशूकडे रात्री येतो. पुन्हा जन्मावं लागेल असं येशू म्हणतो, तर तो सरळ विचारतो की म्हातारा झालेला माणूस आईच्या पोटात परत कसा शिरणार? बाप्तिस्म्याबद्दलचा हा पहिला आक्षेप, आणि तो शुभवर्तमानातच छापलेला आहे. येशू त्याला हलकेच टोकतो, पण घालवून देत नाही. पुढे सातव्या अध्यायात निकदेम एवढंच बोलतो की, म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कुणाला दोषी ठरवणं नियमात बसतं का? आणि एकोणिसाव्यात, शिष्य पांगलेले असताना, तो गंधरस आणि अगरू घेऊन येशूच्या थडग्यापाशी येतो. सुमारे शंभर रत्तल, आजच्या मापात तीसेक किलो. 'माझा विश्वास आहे' असं तो तिन्ही ठिकाणी म्हणत नाही. मी पुन्हा पुन्हा तपासलं. तो प्रश्न विचारतो, न्यायाची बाजू घेतो आणि शेवटी एका मृत देहाचं रीतीप्रमाणं सगळं करतो. तीस किलोचं ओझं. ते त्यानं कसं वाहून आणलं असेल, याचा मी बराच वेळ विचार करत बसले.

चौथा रविवार १९ मार्चचा. बाबांना जाऊन त्याच आठवड्यात नऊ वर्षं होत होती. त्या दिवशीचं वाचन होतं जन्मांध माणसाचं. शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला ते कुणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? माझ्या हातातलं पेन थांबलं. शिष्यांचा प्रश्न आणि त्या बाईचं वाक्य यांत काय फरक होता? दुःख आहे ना, मग कुणाची तरी चूक शोधा. येशूचं उत्तर होतं की याचंही नाही आणि याच्या आईबापांचंही नाही. वही मिटून मी उरलेली मिस्सा नुसती बसून राहिले. त्यानंतर ती वही चर्चमध्ये नेली नाही.

त्या दिवसांत पंडिता रमाबाईही मनात होत्या. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून वाद सुरू केला : पिता, पुत्र, पवित्र आत्मा या त्रैक्याबद्दल, आपल्या विवेकावर कुणाचा अधिकार याबद्दल. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसरं जोखड मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या. पुढे त्यांनीच लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्यांचा क्रमच उलटा होता. आधी पाणी, मग भांडण, मग विश्वास. आमच्या भूमितीत आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता. साध्य आधी हातात घेऊन आठ वर्षं चालायची सोय तिथं नाही. रमाबाई मात्र चालल्या, आणि त्या आठ वर्षांत खोटं बोलल्या नाहीत.

झावळ्यांच्या रविवारी, २ एप्रिलला, मत्तयाच्या शुभवर्तमानातलं येशूचं दुःखसहन वाचलं गेलं. लांबलचक वाचन, सगळे हातात झावळी घेऊन उभे. गेथशेमाने बागेचा, पकडलं जाण्याआधीच्या रात्रीचा, प्रसंग आला. येशू जमिनीवर पालथा पडून म्हणतो की होत असेल तर हा मरणाचा प्याला माझ्यापासून टळो. एकदा नाही, तीनदा. हे मी लहानपणापासून दर वर्षी ऐकत आले होते. त्या दिवशी मात्र मला ते फळ्यावर लिहिल्यासारखं दिसलं.

प्याला टळला नाही.

नियम असा होता : विश्वास पुरेसा असेल तर मागितलेलं मिळतं. नियम खोटा ठरवायला शंभर दाखले लागत नाहीत, एक प्रतिउदाहरण पुरतं. आणि ते शुभवर्तमानाच्या अगदी मध्यात, दोन हजार वर्षं, दर वर्षी मोठ्यानं वाचलं जात होतं. येशूचा विश्वास कमी पडला असं ती बाई म्हणेल का? मग माझ्या आईचा कमी पडला हे कोणत्या हिशेबानं? माझ्या हातातली झावळी थरथरत होती, शेजारच्या माणसानं वळून पाहिलं. फादरांनी सहाव्या रविवारी यायला सांगितलं नसतं, हे वाचन उभ्यानं ऐकावं लागलं नसतं, तर हे मला दिसलं नसतं. मी घरात बसून कितीही तर्क केला असता, तरी नसतं दिसलं.

मिस्सा संपल्यावर फादरांनी स्वतःहून पत्र दिलं. छापील फॉर्म नव्हता, कोऱ्या कागदावर हातानं लिहिलेलं : 'या बाई सहा रविवार मिस्सेला आल्या. लक्षपूर्वक ऐकतात. प्रश्न विचारतात. मी त्यांची शिफारस करतो.' त्यांनी पाहिलं तेवढंच लिहिलं होतं.

पवित्र गुरुवारी मी वसईला गेले. रात्री मिस्सेनंतर पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर, बाजूच्या वेदीवर ठेवतात आणि लोक आळीपाळीनं तासभर जागत बसतात. आईचा तास दहा ते अकराचा. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या शेजारी बसले. तिनं वळून पाहिलं, सरकून जागा दिली. घरी परतताना वाटेत, बावखलाच्या कठड्यापाशी मी तिला थांबवलं आणि सांगितलं. पोरांना सांगते तसंच, पायरी पायरीनं. त्या बाईचा नियम काय होता, तो खरा असता तर गेथशेमानेत काय व्हायला हवं होतं, आणि काय झालं. "आई, तुझं काही कमी पडलं नव्हतं. ती ओळच खोटी होती."

ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मग आधी का नाही आलीस?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी बाहेर पडले ते तिच्यावरच्या अन्यायामुळे, असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत होते. पण त्या वाक्याबरोबर तिला एकटीला घरी ठेवून मी गेले होते. दुसऱ्या दिवशी, शुभ शुक्रवारी, मी पापकबुलीला गेले आणि पहिली कबुली हीच दिली. पुनरुत्थानाबद्दलही सांगितलं. मला ते पटलेलं नाही, पण बाबा कुठंतरी असावेत असं मला फार वाटतं. एवढ्यावर होय म्हणता येईल का? पडद्यामागचे धर्मगुरू तरुण वाटत होते. ते म्हणाले, "असावेत असं वाटणं हे खोटं बोलणं नाही. जेवढं खरं असेल तेवढ्या आवाजात म्हणा."

शनिवारी रात्री पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, जागरणात दिवे मालवले, बाहेर नवा अग्नी पेटवला, पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून एकेकाची मेणबत्ती लागत गेली. त्या विधीतही सगळ्या लोकांना तेच तीन प्रश्न विचारतात. मी तोंड मिटून नुसतं ऐकलं. ऐकताना एका प्रत्ययावर कान अडकला. पित्या'वर', पुत्रा'वर'. मराठीत सिद्धता पटते, सिद्धतेवर कुणी विश्वास ठेवत नाही. विश्वास ठेवतो तो माणसावर. नऊ वर्षं मी 'पटलंय का' या प्रश्नाचं उत्तर देत होते, आणि विचारलं जात होतं दुसरंच काही. याच मराठीनं लहानपणी मला शंका शिकवली होती. तिसरा प्रश्न मात्र तसाच अडला. त्यात एकामागून एक गोष्टी येतात, माणूस नाही. तो मी तसाच सोडला.

२३ एप्रिलला स्नानसंस्कार झाला. आईनं ट्रंकेतून झबलं काढलं होतं. आजीनं शिवलेलं, पांढऱ्या मलमलचं. मी, मग भाऊ, आता त्याची लेक. डांबराच्या गोळीचा वास येत होता. मानेमागच्या पट्टीवर दोन पिवळट डाग आहेत, एकमेकांवर अर्धवट चढलेले. बाप्तिस्म्यानंतर बाळाच्या टाळूवर क्रिस्मा लावतात, ऑलिव्हच्या तेलात सुगंधी बाल्सम मिसळलेलं. ते ओघळून मानेवर येतं. तेल जुनं झालं की पिवळं पडतं, धुऊन जात नाही. मोठा डाग माझा आहे, असं आई म्हणते.

चर्चच्या दारात भावाच्या धर्मग्रामातल्या फादरांनी बाळाचं नाव विचारलं, कपाळावर क्रूस काढला. मग आम्हीही काढला, आधी आईबापांनी, मग मी आणि धर्मपित्यानं. तिचं कपाळ माझ्या अंगठ्याएवढंच रुंद असेल. पाण्याच्या कुंडापाशी आलो तेव्हा ती जागी होती, छताच्या पंख्याकडे एकटक बघत. पहिला प्रश्न आला. मी होय म्हटलं. दुसरा आला. होय. तिसऱ्याला फादर एकेक शब्द सावकाश वाचत होते. मृतांच्या पुनरुत्थानापाशी आले तसा माझ्या मागच्या बाकावरून आईचा आवाज आला, कुणी तिला विचारलेलं नसताना, प्रश्न पुरता व्हायच्या आधीच : "होय, आहे."

तिच्या पाठोपाठ मीही म्हटलं. हळू. भावाला तरी ऐकू गेलं असेल की नाही, कुणास ठाऊक. पण जेवढं खरं होतं तेवढ्या आवाजात होतं.

पाणी पडलं तशी पोरगी किंचाळली आणि तिनं माझं बोट गच्च धरलं. मेणबत्ती भावाच्या हातात, बाळ माझ्या. मग दप्तरात सही केली. 'धर्ममाता' या रकान्यात माझं नाव फादरांनी आधीच लिहून ठेवलं होतं.

दुपारी फुगे आणि मटणाचं जेवण उरकल्यावर आईनं झबलं बादलीत भिजवलं. मी साबण घेऊन मानेची पट्टी चोळायला बसले, तर तिनं माझा हात धरला. "तिथं नको," म्हणाली. "राहू दे."